चावली ती आग्या

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रोज सकाळी वॉचमनवर खेकसायचे, पण गच्चीवरची टाकी गळते म्हणून बिल्डरकडे गेले की, “साहेब, जमलं तर बघा,” म्हणायचे.

त्याच टाकीखाली आग्या मोहोळ होतं. त्यातल्या माश्या एकदा त्यांना कडाडून चावल्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येतो तर गच्चीवरची माझी मधपेटी रॉकेल ओतून जाळलेली! आत सातेरी माश्या होत्या. इतक्या गरीब की मी उघड्या हातांनी पोळी काढायचो.

“अहो, चावली ती आग्या! ही जातच वेगळी!”

“माशी ती माशी,” सुजलेल्या ओठांनी ते म्हणाले. “आणि ते मोहोळ केवढं उंच! तिथं कोण चढणार?”

मग राख अजून उचलली नाही म्हणून ते वॉचमनवर खेकसले.