लोसारचं बोलावणं

बोलावणं मला यायला हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी फार समजूतदार बाई वाटायला नको.

दिवाळी झाली की नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागतो. त्यातल्या एका दुकानातली दीदी माझी. 'माझी दीदी' असंच मी घरात म्हणायची आणि नवरा हसायचा. लेक बालवाडीत असल्यापासून मी तिच्याकडे स्वेटर घेत आले. लेक आता पुण्यात शिकते आणि मी घेतलेलं काहीही घालत नाही, तरी दर हिवाळ्यात मनीषनगरहून स्कूटरने जाऊन मी एखादी कानटोपी तरी घेतेच. दीदीचा जन्म गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतला, नवेगावच्या जंगलापलीकडचा. त्यामुळे चेहरा तिबेटचा आणि बोली आमची. "काहून वं ताई, यंदा उशिरा आल्या?" असं ती विचारायची, तेव्हा मला उगाच फार बरं वाटायचं.

लोसारबद्दल तिनेच मला सांगितलं होतं. लोसार म्हणजे त्यांचं नवं वर्ष. इथला बाजार उठला की काही दिवसांनी येतं. त्याच्या आधी गोंपात, म्हणजे त्यांच्या मठात, लामा मुखवटे घालून नाचतात आणि जुन्या वर्षातली इडापिडा हाकलून लावतात. मी हे ऐकायची आणि आतल्या आत जळायची. आम्हीही बौद्धच. माझे आजोबा छप्पन्न साली पांढरे कपडे घालून दीक्षेला बसले होते, आणि जरीपटक्याच्या माहेरघरात आम्ही वंदना म्हणतच मोठे झालो. पण आमच्याकडे भुतं नाहीत, मुखवटे नाहीत, ढोल नाहीत. बाबा म्हणायचे, आपला धम्म डोक्यात ठेवायचा. मला ते पटतं. तरी त्याच बुद्धाच्या नावाने यांनी एवढी धमाल करायची आणि मी पांढरी साडी नेसून गप्प बसायचं, हे मला कधी नीट पचलं नाही. एकदा तरी लोसारला जायचं होतं. दीदीने 'या' म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. स्वतःहून विचारलं नाही, कारण मागून मिळालेलं बोलावणं मला नको होतं.

मागच्या हिवाळ्यात मी धाकट्या जावेला बाजारात घेऊन गेले, आणि तिथे माझी चूक झाली.

जाऊ उमरेडची, विणकरांच्या घरातली. दिराने स्वतः पसंत केलेली. बौद्ध नाही, माहेरी गणपती-गौरी बसतात. बुद्धाबद्दल तिला साधारण शाळेच्या पुस्तकात होतं तेवढं माहीत. त्या दिवशी दीदीला जेवायला जायचं होतं आणि दुकान सांभाळायला कुणी नव्हतं. मी 'अरेरे' म्हणाले. जाऊ सरळ स्टुलावर जाऊन बसली. "तुम्ही जेवून या दीदी, मी बसून राहते." आणि बसली ती नुसती बसली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागली, एका गृहस्थाला त्याच्या बायकोच्या मापाचा अंदाज देऊन स्वेटर गळ्यात मारला, मला म्हणाली, "ताई, तो निळा काढून द्या ना वरचा." मी काढून दिला. दीदी जेवून परत आली तेव्हा दोघी जुन्या शेजारणींसारख्या हसत होत्या आणि मी शिडीवर होते.

त्यानंतर जाऊ माझ्याशिवाय बाजारात जायला लागली. बाजार उठायच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. दीदी गठ्ठे बांधत होती. बांधता बांधता जावेला म्हणाली, "लोसारले येजो वं घरी." मग माझ्याकडे पाहून तिलाच म्हणाली, "ताईले बी आणजो."

आणजो! मी काय डबा होते?

घरी येऊन मी नवऱ्याजवळ धुसफुसले. तो टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "स्वेटरवाली आहे ते. तुह्या मायची बहीण नाही. इतकं काहून लावून घेतं?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. जायचंच नाही असं मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी जावेला निघायची वेळ विचारली.

चारचाकी जाऊच चालवते. मला येत नाही. भंडारा गेलं, साकोली गेलं, आणि मी सगळी वाट तिला लोसार समजावून सांगत होते. मोबाइलवर वाचून ठेवलेलं सगळं. ती 'हो का' म्हणायची आणि मधेच भज्यांचं दुकान दिसलं की गाडी हळू करायची.

गोंपाच्या अंगणात नाच सुरू झालेला होता. लांबच लांब तुताऱ्या, पोटात घुमणारे ढोल, हरणाच्या तोंडाचा मुखवटा घालून गिरक्या घेणारा एक लामा. मी वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे आणलं होतं ते खरंच समोर होतं आणि मी काय पाहत होते, तर दीदीने जावेचा हात धरलाय की नाही. धरला होता. मी हात जोडून 'बुद्धं सरणं' पुटपुटले. तिथे मला निदान तेवढा हक्क होता. जावेला त्यातलं काही येत नव्हतं आणि कुणाला त्याची पडलेलीही नव्हती.

संध्याकाळी दीदीच्या घरी गुथुक होतं. वर्ष संपता संपता करतात ते दाट सूप, मुळा, वाळवलेलं चीज आणि कणकेचे बारीक तुकडे घातलेलं. प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि त्याच्या पोटात काहीतरी लपवलेलं. ज्याला जे निघेल तसा त्याचा स्वभाव. मिरची निघाली तर वटवट्या, मीठ निघालं तर आळशी. सगळ्यांनी मिळून त्याला हसायचं. हे मला ठाऊक होतं आणि मी घाबरले होते. कोळसा म्हणजे काळं मन. माझ्या गोळ्यात कोळसाच असणार याची मला खात्री होती.

माझ्या गोळ्यातून लोकर निघाली. "मऊ मनाची," दीदी म्हणाली. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी मान डोलावली. सगळे सभ्यपणे माझ्याकडे पाहून हसले आणि पुढे वळले.

कोळसा जावेला निघाला. काय हशा पिकला! म्हातारबाबांना ठसका लागला. दीदीने तिच्या गालाला कोळशाचं बोट लावलं, तिने दीदीच्या नाकाला लावलं. "मी सांगतच होती, मी लय बदमाश आहो म्हणून," जाऊ म्हणाली. मी हातात लोकरीचा पुंजका धरून बसले होते. काळं मन माझं आणि कोळसा हिला. शपथेवर सांगते, त्या क्षणी मला कोळशाचाही हेवा वाटला.

मग मी वाडगा उचलला आणि चाटूनपुसून रिकामा केला. पानात टाकायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगी भिनवलेलं. शिवाय जावेने अर्धं तसंच ठेवलं होतं. निदान यात तरी मी उजवी ठरेन असं वाटलं.

दीदीने माझा वाडगा पाहिला आणि डोक्याला हात लावला. "अवं ताई, थोडं ठेवा लागते ना."

मोबाइलवर मी एवढं वाचलं होतं, पण हे वाचलं नव्हतं. प्रत्येकाचं उरलेलं सूप एका भांड्यात ओततात, त्याच्यासमोर कणकेचा बाहुला बसवतात. वर्षभराचं आजारपण, भांडण, वाईट विचार, सगळं त्या उष्ट्याबरोबर बाहुल्याला देऊन टाकायचं आणि चौकात नेऊन सोडायचं. मी माझं सगळं गिळून टाकलं होतं. आता द्यायला काही नव्हतं.

म्हातारबाबा तिबेटीत काहीतरी म्हणाले आणि पुन्हा सगळे हसले. तेवढ्यात जावेने आपला वाडगा माझ्या वाडग्यात कलता केला. "घ्या ताई, मायं लय आहे." अगदी सहज, भाजी वाढावी तसं. मी ते भांड्यात ओतलं. तिचं गेलं. माझं पोटातच राहिलं.

गवताचे पलिते पेटवून माणसं खोल्याखोल्यांतून फिरली, बाहुला उचलला आणि ओरडत बाहेर पळाली. जाऊही त्यांच्यामागे पळाली. दारात मी आणि दीदी दोघीच उरलो.

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. बाजार नाही, गिऱ्हाईक नाही, जाऊ नाही. मी काहीतरी चांगलं बोलायला शब्द शोधत होते. तुमच्याकडे येऊन फार बरं वाटलं, मी कधीपासून वाट पाहत होते, असं काहीतरी. जंगलाकडून गार वारा येत होता आणि मी हात छातीशी घेऊन उभी होते.

दीदी अंधारात पाहत होती. "पोरगी तशीच पळाली पाहा," ती म्हणाली. "गरम काही घेतलं नाही अंगावर." तिने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या हातात दिली. "तिले देऊन या बरं ताई."

मी निघाले. दोन घरं ओलांडल्यावर शाल माझ्या खांद्यावर घेतली. ती अजून उबदार होती, लोण्याच्या दिव्यांचा वास येत होता. चौकातले पलिते दिसेपर्यंत मी ती तशीच घट्ट धरून चालले. मग उतरवली, घडी केली आणि जावेला नेऊन दिली.

तिने ती गुंडाळून घेतली, माझ्याकडे पाहिलं. "आन तुमची कुठाय?"

"मला थंडी नाही वाजत," मी म्हणाले.