चमेली आणि बरका फणस

एकोणीसशे तीसच्या सुमारास, एका मे महिन्यात, आमची सैन्यभरतीची तुकडी भाट्याच्या किनाऱ्यावर उतरली. कॅप्टनसाहेब, मी दफेदार, चार जवान आणि साहेबांची घोडी चमेली. सकाळी सहाला मालिश, सातला दाणा, संध्याकाळी पाचला फेरी.

वाडीत पाहुण्याला रिकाम्या तोंडी ठेवत नाहीत. शेजारच्या सोनूआत्यांनी मऊ, गोड गऱ्यांचा बरका फणस फोडला आणि गायीला घालतात तसा निम्मा चमेलीला घातला. मला कळेपर्यंत तीन दिवसांत प्रत्येक घराने तिला फणस घालून आपला मान राखला होता.

चौथ्या सकाळी चमेली पुढचे पाय लांब टाकून, मागे भार देऊन उभी. खूर कढत. लॅमिनायटिस. गोड जास्त झालं की खुराच्या आत सूज येते, घोडं पाऊल उचलत नाही.

साहेब दाभोळला निघाले होते. "चार दिवस, दफेदार. चालली नाही तर गोळी."

"जी, साहेब."

शिंगरू होती तेव्हापासून मी तिला सांभाळलं होतं.

नाल काढले. दाणा बंद, फक्त सुकं गवत. समुद्रात गुडघाभर पाणी येईल तिथे तिला उभी केली. ओहोटीला खुरांवर ओली गोणपाटं. आत्यांना ताकीद दिली.

"आमच्या गायीन गुदस्ता अख्खा बरका खाल्लान. काय झाला तिला?" आत्या म्हणाल्या.

"ती गाय, आत्या. ही घोडी."

पहाऱ्यावर जवानांपैकी दत्ताराम ठेवला. दुपारी त्याच्या मिशीला फणसाचा चीक.

"मी खाल्ला, दफेदार. तिला नाय दिला."

मुदतीच्या चौथ्या दिवशी सकाळी सातला साहेब आले. खूर गार होते, पण पाऊल दुखेल या धास्तीने चमेली हलेना. मी हाका मारल्या. साहेबांचा हात पिस्तुलाकडे गेला. तेवढ्यात सोनूआत्या माडाखाली येऊन उभ्या राहिल्या. चमेलीने कान टवकारले आणि आखूड पावलं टाकत थेट त्यांच्यापर्यंत गेली.

"शाबास. औषध काय दिलं?"

"समुद्राचं पाणी, साहेब."

आत्यांच्या पदराआड एक गरा होता. तो मी काढून घेतला आणि साहेबांची पाठ वळताच खाल्ला.

पुढे काही वर्षांनी, मे महिन्यातच, चमेली छावणीत म्हातारपणाने गेली. मी आत्यांना कार्ड टाकलं. त्यांनी वाडीतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं उत्तर आलं. खुशाली होती, आंब्याचं पीक कसं ते होतं. शेवटी एक ओळ होती.

"कार्ड आलं त्या दिवशी वाडीत कुणी फणस फोडला नाही."