देवीचं मुकं पाणी

नळाच्या आट्यांना सुतळी आणि सफेदा लावल्याशिवाय गळती थांबत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. म्हणून मोटारीच्या इंजिनालाही मी तेच केलं. आता हसू येतं, पण त्या दिवशी सुतळीचं टोक दातांनी तोडताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

लोणावळ्याच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. वळवणच्या एका बंगल्यातले पारशी गृहस्थ कायमचे मुंबईला गेले तेव्हा त्यांची जुनी मोटार माझ्या गळ्यात पडली. घरी मात्र मी संधी साधली असं सांगितलं. तिच्यात चालकासमोर एक काटा होता. इंजिनातलं पाणी किती तापलं ते त्याने दाखवायचं, पण तो सकाळच्या गार इंजिनावरसुद्धा थेट लाल रेघेवर जाऊन बसायचा. कुसगावच्या मेकॅनिकने सांगितलं की काटा चांगला आहे. इंजिनात अंगठ्याएवढा एक पितळी तुकडा पाण्यात बुडलेला असतो, तो तारेतून काट्याला खबर देतो, तो बिघडलाय. त्याने पुण्याहून नवा तुकडा मागवून दिला आणि बसवायला परवा येतो म्हणाला. पण मला उद्याच निघायचं होतं. आमची सुमन पवन मावळातल्या एका गावी दिलेली, जावई मुंबईला नोकरीला. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी आणायचं होतं आणि तेही बापाच्या मोटारीतून. एवढ्याशा तुकड्यासाठी मी परवापर्यंत थांबणार नव्हतो.

जुना तुकडा काढला तसं त्या भोकातून इंजिनातलं पाणी भळाभळा अंगणात वाहिलं. मी नव्याच्या आट्यांना सुतळी गुंडाळली, वर सफेदा फासला आणि पान्याने पिळून बसवला. किल्ली फिरवली तर काटा गार बाजूला जाऊन निमूट झोपला. बायकोला बाहेर बोलावून दाखवलं. ती बरं म्हणून आत गेली. पितळ इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकलं तरच ती खबर पुढे जाते आणि सुतळीने मी तिचं तोंडच बांधून ठेवलंय, हे मला फार नंतर कळलं. सांडलेलं पाणी पुन्हा भरायचं असतं हे तर त्या आनंदात डोक्यातही आलं नाही.

चैत्राचे दिवस होते. सकाळच्या गारव्यात कामशेतवरून खिंड ओलांडून आम्ही नवराबायको सुमनच्या सासरी सुखरूप पोचलो. विहीणबाईंनी जेवू घातलं, सुमनची ओटी भरली आणि ऊन चढल्यावर आम्ही परत निघालो. खिंडीच्या चढाला लागतो तोच मागून सुमन म्हणाली, 'आई, कंबरेत काहीतरी होतंय.' थोड्या वेळाने तिने बायकोचा हात असा घट्ट धरला की बायकोने मला काही सांगायची गरज उरली नाही. आठवा महिना चालू होता. आपल्याकडे सातव्यातलं मूल जगतं म्हणतात, आठव्याचं नाव निघालं की बायका गप्प होतात. बायको सुमनची कंबर चोळायला लागली. कामशेतला एक डॉक्टरीणबाई होत्या, तिथवर पोचायचं एवढंच आता माझ्या डोक्यात होतं. मी जोर लावला. मधूनमधून काट्याकडे पाहत होतो. तो गारच होता आणि त्याचाच मला मोठा धीर वाटत होता.

खिंडीचा माथा समोर दिसत असताना इंजिनाच्या झाकणाखालून वाफ यायला लागली आणि मोटार धापा टाकत थांबली. मी तरीही आधी काट्याकडे पाहिलं. तो गारच. माणूस डोळ्यांपेक्षा काट्यावर किती विश्वास ठेवतो, हे त्या क्षणी मला दिसायला हवं होतं; पण मला फक्त सुमनचं कण्हणं ऐकू येत होतं. पाणी हवं होतं. ओहोळ कधीचे आटले होते, नदी खाली मागे राहिली होती आणि घरून बरोबर घेतलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी सुमनच्या डोळ्यांना लावून संपलं होतं.

तेवढ्यात नदीच्या बाजूने दोन बायका चढ चढून वर येताना दिसल्या. पुढे एक म्हातारी, मागे तिची सून असावी. दोघींच्या डोक्यावर तांब्याचे भरलेले हंडे, पाय अनवाणी. मी धावत पुढे गेलो. म्हटलं, मावशी, थोडं पाणी द्या, पोर अडलीय. म्हातारीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पुन्हा म्हणालो, मग जरा चढ्या आवाजातही म्हणालो. त्या ओठ मिटून चालतच राहिल्या. माणुसकी म्हणून काही उरली नाही, असं काहीतरी मी बोलणार तोच बायकोने खिडकीतून हाक मारली. हलक्या आवाजात म्हणाली, 'अहो, देवीचं मुकं पाणी आहे ते. आज जत्रा असेल. मागू नका.'

तेव्हा मला उलगडलं. त्या बाजूच्या काही वाड्यांमध्ये जत्रेच्या दिवशी देवीच्या अंघोळीचं पाणी नदीवरून मुक्याने आणतात. वाटेत हंडा टेकवायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की ते पाणी देवीला चालत नाही, पुन्हा नदीवर जावं लागतं. माझे देवाशी संबंध तसे जाता-येता नमस्कार करण्यापुरतेच. पण त्या दोघींची वाट अडवायचं माझ्याच्याने झालं नाही. त्या मोटारीच्या बाजूने पुढे निघाल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अगदी मोकळ्या हातांनी उभा राहिलो. मनात देवीला एवढंच म्हटलं की बाई, आता तूच बघ. ही प्रार्थना होती की चरफड, ते आजही सांगता येणार नाही.

पण माझा स्वभाव स्वस्थ बसण्याचा नाही. काहीतरी करायचं म्हणून मी इंजिनाचं झाकण उघडलं, खिशातला रुमाल काढला आणि जिथून पाणी भरतात ते बूच पिरगाळायला लागलो.

'आरं, हात काड! उकळतंय त्ये!'

मी दचकून मागे उडालो. बूच वर उडालं आणि जिथे माझं तोंड होतं तिथून उकळत्या पाण्याचा फवारा निघून गेला. वळून पाहिलं तर ओरडली होती ती म्हातारी. चार पावलं पुढे जाऊन ती उभी होती, तोंडावर हात ठेवून, आणि तिची सून डोळे विस्फारून तिच्याकडे पाहत होती. मग म्हातारीने सावकाश डोक्यावरचा हंडा उतरवून रस्त्यावर टेकवला.

'बोलले की रं मी,' ती म्हणाली. 'आता ह्ये पानी आईला न्हाई चालायचं. घे, तुज्या गाडीला तरी व्हईल.' आणि सुनेला म्हणाली, 'तू कशापायी थांबलीस? चाल, तुजं तरी पोचू दे.' सून ओठ घट्ट दाबून, हसू की रडू आवरत, चढ चढून गेली.

इंजिन जरा निवू द्यायला हवं होतं. तेवढा वेळ म्हातारी मोटारीत सुमनच्या पायाशी बसली. आता बोललेच हाये तर पोटभर बोलते, म्हणाली, आणि खरोखरच तिचे तळवे चोळत बोलत राहिली. बायकोने भीत भीत आठवा असल्याचं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, 'म्हैने बाया मोजत्यात. लेकराला कुटं मोजता येतंय?' सुमन त्या कळांमध्येही हसली. त्या हसण्याने मोटारीतली सगळी भीती गेली असं नाही, पण तिला बसायला जागा कमी पडली हे खरं.

तांब्या तांब्याने मी ते पाणी आत ओतलं. हंडा रिकामा झाला तेव्हा इंजिन भरलं होतं. मी म्हणालो, मावशी, माझ्यामुळे तुमचा नेम मोडला. ती म्हणाली, 'न्हदी काय आटली न्हाई अजून.' बायको खाली उतरून तिच्या पाया पडली. म्हातारीने रिकामा हंडा कंबरेला लावला आणि भर उन्हात, अनवाणी, पुन्हा नदीची उतरण धरली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

कामशेतला पोचलो. सुमनला मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या की वेळेवर आलात. आठवड्याने मेकॅनिकने तो पितळी तुकडा काढला, सुतळी माझ्या हातात दिली, आट्या पुसून पुन्हा बसवला आणि काटा खरं बोलायला लागला. तो बराच वेळ हसत होता. मीही हसलो.

कुणी म्हणेल, म्हातारीच्या जागी कुणीही ओरडलंच असतं. असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच आठवतं की मी विनवणी केली, आवाज चढवला, तरी ते पाणी मिळालं नाही आणि मिळायलाही नको होतं. माझं शहाणपण संपलं तिथे ते आलं. त्या दिवशी माझ्या हातून जे नीट झालं होतं त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. जे चुकलं तेवढंच देवीने वापरून घेतलं. तेव्हापासून मी धडपड सोडली असं नाही, स्वभाव जात नाही. पण काम हाताबाहेर गेलं की आता मी दोन्ही हात खाली सोडून उभा राहायला शिकलोय, आणि तसं उभं राहण्यात लाज वाटत नाही.

पुढच्या चैत्रात नातीला घेऊन आम्ही त्या जत्रेला गेलो. खिंडीखाली मोटार उभी केली आणि वाटेच्या कडेला थांबलो. म्हातारी आली, डोक्यावर हंडा, ओठ मिटलेले. तिने नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड मिटलेलंच राहिलं, डोळे मात्र हसत होते. मी हात जोडले आणि वाटेतून बाजूला झालो.

परत येताना बायको म्हणाली, 'त्या दिवशी तुम्हाला मागू नका म्हटलं खरं, पण मी स्वतःच उतरून तिच्यापुढे पदर पसरणार होते. देवीचं पाणी मागायला जीभ उचलत नव्हती आणि पोरीकडे बघून गप्पही राहवत नव्हतं. तेवढ्यात तुम्ही त्या बुचाला हात घातलात. बरं झालं हो, तुम्हाला मोटारीतलं काही कळत नाही ते.'