मामीच्या ब्लाउजची तिसरी टीप

आमच्या मामांना सगळी गल्ली टेलरमास्तर म्हणते आणि मास्तरकीची खोड त्यांना खरोखरच आहे. कुणी ढगळ झालेली पँट आत घ्यायला आणली की ते आधी कमरेला टेप लावतात, वहीतलं जुनं माप काढतात आणि उलटतपासणी सुरू करतात.

"दोन इंच गेले. व्यायाम करतोस?"

"छे!"

"खाणं कमी केलंस?"

"नाही हो."

"मग पाणी किती पितोस? रात्री कितीदा उठतोस? आधी साखर तपासून ये. तोवर पँट माझ्याकडे."

लोक कुरकुरत जात आणि पडल्या चेहऱ्याने परत येत. पूर्वी वर्षाकाठी एखादा सापडायचा. आता महिन्याला दोन सापडतात. शाळेतल्या बाई, बसचा ड्रायव्हर, तिशीही न ओलांडलेला बँकेतला कारकून. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मास्तर, दवाखान्याची पाटी तुमच्याच दारावर लावते." तेवढ्याने मामांची छाती इंचभर फुगायची. मला मात्र हा तोरा डोक्यात जायचा.

मामी आतल्या खोलीत काजं-बटणं करायची. मामांच्या सुयाही तीच ओवून ठेवायची, दहा सुया दहा रंगांच्या दोऱ्यांनी. गेल्या वर्षी त्या रिकाम्या राहू लागल्या. "म्हातारी झालीस!" म्हणून मामा हसले. मीही हसले. आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

मग एका दुपारी मामी दमून आडवी झाली होती, म्हणून वाळलेले कपडे काढायला मामा गेले. दोरीवर तिचा निळा ब्लाउज उलटा वाळत होता. तो हातात धरून ते तणतणतच आत आले.

"ही टीप माझी नाही! कुणाकडे दिला होतास?"

"कुणाकडे देणार? मीच घेतला आत," मामी उठून बसत म्हणाली. "सैल होत होता."

मामांनी ब्लाउज खिडकीशी नेला. कुशीला एकीच्या आत एक अशा तीन टिपा होत्या. तिसरी इतकी वाकडी, की टीप घालणारीला धड दिसत नसावं.

"मला का नाही सांगितलंस?"

"माझं माप तोंडपाठ आहे म्हणून तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलात. चुकलं म्हणू कसं?"

खरंच होतं ते. वहीत मामीच्या पानावर एकच ओळ होती, लग्नाच्या वर्षाची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामा पलंगाशी खालीच बसले. "पाणी किती पितेस गं?" एवढं त्यांनी विचारलं. मग तिला घेऊन ते तडक नाक्यावरच्या दवाखान्यात गेले.

साखर चारशेच्या वर निघाली. औषधं सुरू झाली, डोळ्यांवर उपचार झाले. उजवा डोळा वाचला. डाव्यासमोरचं धुकं काही जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

आता दर महिन्याला मामा तिचं माप घेतात. परवा त्यांनी टेप लावली, आकडा दोनदा पाहिला आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अर्धा इंच भरली!"

"अहो, हळू!" मामी लाजेने लाल झाली.

मामांनी आकडा वहीत लिहिला आणि सुई ओवायला घेतली. सात वेळा दोरा हुकला. सवयीने मामीचा हात पुढे आला.

"राहू दे," मामा म्हणाले, "शिकतोय मी."