मार्ग तपासल्याचा कागद

सहा वर्षं मी हे सांगायचं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलालाही नाही. आधी वाटायचं, निवृत्त झालो की सांगू. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता उकरून काय उपयोग. गेल्या महिन्यात आमच्या सेठच्या अंबरनाथ पूर्वेच्या नव्या गोदामाची पूजा होती. तिथे सेठने नव्या माणसांना जुना किस्सा रंगवून सांगितला. "एक कॉम्प्युटरवाली बाई होती आपल्याकडे. दोन लाइनी घेतल्या म्हणाली. जेसीबी आला, तर दोन्ही साफ! ऐसी इंजिनियर!" सगळे हसले. हातात शिऱ्याचा द्रोण धरून मीही हसलो.

त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितोय.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये आमचं औषधांचं होलसेलचं काम होतं. गोदाम आणि ऑफिस एकाच इमारतीत. ऑफिस मी सांभाळायचो. बदलापूर, वांगणीपर्यंतचे मेडिकलवाले आमच्याकडून माल घ्यायचे. ऑर्डरींचा सगळा कारभार मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चालायचा. उन्हाळ्यात तो तापून बंद पडायचा आणि आम्ही त्याच्यासमोर टेबलफॅन लावायचो. शेवटी सेठने सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं आणि त्यासाठी एका नेटवर्क इंजिनियर बाईला नोकरीवर ठेवलं. बदलापूरची, पस्तिशीची, कामाला चोख.

"म्हणजे आता आपल्या ऑर्डरी ढगात?" मी तिची फिरकी घेतली.

"ढगात नाही काका, दुसऱ्याच्या इमारतीत. आपण तिथले भाडेकरू."

ऑर्डरींचं ॲप ती तिथे एकाऐवजी तीन मशिनींवर चालवणार होती. पुढे काहीतरी बसवणार होती, ते आलेली ऑर्डर मोकळ्या मशिनीकडे पाठवणार. मला कळेना. मग ती म्हणाली, "सकाळी गर्दी झाली की तुम्ही दारात उभे राहून माणसांना रिकाम्या काउंटरवर पाठवता ना? तेच. फक्त हे कुणावर खेकसत नाही." मला ते फार आवडलं होतं. माझ्या कामाची अशी किंमत तोवर कुणी केली नव्हती.

पण तिचा एक हट्ट होता. सगळं बाहेर गेल्यावर इंटरनेट गेलं तर गोदाम आंधळं होणार. म्हणून दोन कंपन्यांच्या दोन लाइनी हव्यात आणि त्या दोन वेगळ्या रस्त्यांनी यायला हव्यात. "आपल्या इथे कंपन्या दोन असल्या तरी खांबावर चढणारा केबलवाला एकच असतो," ती म्हणायची. "तो दोन्ही वायरी एकत्र बांधून आणतो. म्हणून खांबापासून ऑफिसपर्यंत चालून बघायचं आणि मगच सही करायची." त्यासाठी तिने एक कागदही छापून घेतला होता. मार्ग तपासला, वेगळा आहे, खाली सही. सही माझी, कारण बिल्डिंगचं, परवानग्यांचं सगळं माझ्याकडे होतं.

दुसरी लाइन आणायला एकच वाट होती, समोरच्या सोसायटीच्या गच्चीवरून. त्या सोसायटीत मी स्वतः राहत होतो. आणि तिथल्या सेक्रेटरीशी माझं बोलणं बंद होतं. पाण्याच्या वेळेवरून भांडण झालं तेव्हा तो मला चार लोकांत म्हणाला होता, "सेठच्या नोकराने आम्हाला शिकवू नये." त्या माणसाकडे ना-हरकतीचं पत्र मागायला जाऊ? गेलो नाही. दोन आठवडे तिला "बोलतो, बोलतो" म्हणत राहिलो.

मग केबलवाला आला. "साहेब, कशाला गच्ची-बिच्ची? पहिलीच्या जोडीनेच ओढतो. कंपनी अलग, बिल अलग. बाईला काय दिसणार आहे?"

मला मात्र दिसलं होतं. नाल्याच्या मोरीपाशी दोन्ही काळ्या वायरी एकाच पांढऱ्या पट्टीने बांधलेल्या होत्या. मी ते उभं राहून पाहिलं, ऑफिसात आलो आणि सही केली. तिने कागद हातात घेतला, "थँक्यू काका, मोठं काम झालं," म्हणाली आणि फाइलला लावला. आता हे लिहितानाही स्वतःचा संताप येतो.

चार महिन्यांनी नाल्याच्या कामाला जेसीबी आला आणि मोरीपाशी दोन्ही वायरी एका फटक्यात तुटल्या. दुकानदारांच्या ऑर्डरी तिकडे नीट जमा होत होत्या, तिचं ॲप धडधाकट चालू होतं. आंधळे झालो होतो आम्ही. दीड दिवस गोदामात कुणाला काय द्यायचं ते कळेना. मोबाइलवरून थोडंफार ओढून तिने निम्मा माल तरी बाहेर काढला. वांगणीचा एक दुकानदार फोनवर ओरडत होता, "गिऱ्हाईक इन्शुलिनसाठी दारात बसलंय, त्याला काय तुमचा ढग दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठने मीटिंग बोलावली. त्याआधी मी फाइल उघडली, तो कागद काढला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी घाबरवलं नव्हतं. माझं मी केलं.

"दुसरी लाइन कुठे गेली, बाई? चाय प्यायला?" सेठने तिला विचारलं.

"मार्ग वेगळा असल्याचा सही केलेला कागद आहे, सर." तिने फाइल चाळली. पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सही केली होती ना?"

"कसला कागद? मला काही आठवत नाही."

तिने फाइल मिटली. सेठ म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." बाजारात त्याचा शब्द चालतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत एकाही व्यापाऱ्याने तिला दारात उभं केलं नाही, हे मला नंतर केबलवाल्यानेच हसत हसत सांगितलं. मला मात्र निवृत्तीच्या वेळी शाल मिळाली. "काकांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही," असं भाषणही झालं.

पूजेनंतरच्या रविवारी तो कागद खिशात घालून बदलापूरला तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. गळ्यात हेडफोन. घरूनच बाहेरगावच्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते. तिने पाणी दिलं. भिंतीवरच्या दोन वायरींकडे माझं लक्ष गेलं तर म्हणाली, "बघताय ना? एक पुढच्या रस्त्याने, एक मागच्या गच्चीवरून. स्वतः चालून बघितलंय."

मी मान हलवली.

"काही काम होतं का काका?"

आणि मी काय बोललो? "घरचं वायफाय नीट चालत नाही गं. इकडे आलो होतो, म्हटलं विचारावं."

ती जराशी हसली. "सही करण्याआधी वायर बघितलीत का?"

मग तिने शांतपणे, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं, राउटर बंद करून चालू कसा करायचा ते सांगितलं. मी "हो, हो" म्हणत राहिलो. कागद खिशातच होता. तिने दार लावून घेतल्यावर मी जिन्यात उभा राहिलो आणि घरून पाठ करून आलेलं पुटपुटलो. सही माझी होती. वायरी मी पाहिल्या होत्या. कागद मी काढला. तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी. मला माफ कर.