केस ओपांनी खोडलेली ओळ

मरायकेचा फोन आला तेव्हा मी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या लायब्ररीबाहेर गाडी पार्क करत होते. "डॅड गेले, मीनल," ती म्हणाली. "दुपारी जेवले, खुर्चीत बसले, आणि... झालं." मी गाडीतच बसून राहिले. रडू आलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याआधी तोंडातून 'हुश्श' निघालं. नव्वदीला टेकलेला माणूस, हॉस्पिटल नाही, नळ्या नाहीत, स्वतःच्या घरात गेला. आणि मनावर काहीही न ठेवता गेला. त्या शेवटच्या गोष्टीसाठीच आज, सहा आठवड्यांनी, हे लिहायला बसले आहे.

त्यांचं नाव केस. माझ्या मुलीने, इराने, पहिल्यांदा ते घरी सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण डोक्यावर औषधालाही केस नव्हता. क्लबची सगळी मुलं त्यांना ओपा म्हणत, म्हणजे डचमध्ये आजोबा. इरा ज्या क्लबकडून फुटबॉल खेळते तो बोटीने इथे राहायला आलेल्या डच लोकांनी पन्नासच्या दशकात काढला. आता तिथे डच आडनावं मोजकीच उरलीत, कॅन्टीनमध्ये क्रोकेट नावाच्या लांबुडक्या कटलेटशेजारी समोसे ठेवलेले असतात, पण जर्सी अजून नारिंगीच. ती व्हिडिओवर बघून पुण्याहून माझ्या आईने विचारलं होतं, "इराला भगवा कशाला घातलाय गं?" क्लब स्थापन करणाऱ्यांपैकी केस ओपा शेवटचे उरलेले. दर शनिवारी मॅचला मैदानाच्या कडेला फोल्डिंगची खुर्ची टाकून बसायचे आणि रेफरीला डचमधून काहीबाही ऐकवायचे.

मग कोविड आला. मॅचेस बंद, मैदानाला कुलूप. कमिटीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी केली आणि एकेका कुटुंबाला एकेक नाव दिलं, रोज फोन करायला. आमच्या वाट्याला केस ओपा आले. मरायके ही त्यांची मुलगी, ती नर्स. आपल्यामुळे वडिलांना लागण होईल या भीतीने ती दारात सामान ठेवून काचेतूनच हात करून जायची. मला वेळच वेळ होता. एप्रिलमध्ये आमची अख्खी टीम कमी केली, त्यात माझी नोकरी गेली होती. आईला हे सांगितलं नव्हतं. विमानं बंद, ती एकटी, उगाच जिवाला घोर लावून घेईल म्हणून 'वर्क फ्रॉम होम चालू आहे' असं ठोकून दिलं होतं. केस ओपांना मात्र दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणजे तुला टायपिंग येतं आणि काम नाही. छान. मला क्लबचा इतिहास लिहायचाय, कमिटी दहा वर्षं मागे लागलीय."

असं आमचं लिखाण सुरू झालं. रोज सकाळी दहा वाजता, व्हिडिओ कॉलवर. त्यांचंही इंग्लिश उसनं, माझंही उसनं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं चटकन कळायचं. इरा मागून ओरडायची, "ओपा, यू आर ऑन म्यूट!" आणि ते माईकला शिव्या घालत परत पहिल्यापासून सांगायचे. बोटीतून उतरल्यावर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या खोल्या. रविवारी चर्चनंतर सगळ्यांनी मिळून उपटलेले बुंधे, आणि त्या जागेवर झालेलं पहिलं मैदान. गोलचे खांब म्हणून रोवलेले निलगिरीचे ओंडके. बायकांनी पलंगावरच्या चादरी नारिंगी रंगवून शिवलेल्या जर्स्या, ज्यांचा रंग पहिल्याच पावसात असा गेला की अकरा माणसं आठवडाभर नारिंगी दिसत होती. सांगता सांगता ते स्वतःच इतके हसायचे की ठसका लागायचा.

एका वर्षापाशी मात्र ते अडले. त्या मोसमात क्लब लीगमध्ये पहिला आला होता, वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता. तेवढ्यात एका खेळाडूचा नोंदणीचा फॉर्म लीगकडे पोचलाच नसल्याचं निघालं. सगळे पॉइंट्स कापले गेले. ओपा म्हणाले, "लिही, काही कागद वेळेवर पोचले नाहीत." मी लिहिलं. त्या दिवशी त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन उचलताच म्हणाले, "कालची ती ओळ खोड."

"का? चुकलीय का?"

"चूक नाही. लबाडी आहे."

तेव्हा ते क्लबचे सेक्रेटरी होते. गोलकीपर पीट हा त्यांचा जिवलग मित्र, बोटीवर शेजारच्या बंकमधला. पोस्टात टाकायची पाकिटं पीटकडे द्यायची पद्धत होती. "मी त्याला पाकीट दिलं होतं," असं केस ओपांनी मीटिंगमध्ये सांगितलं, आणि तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. आठवड्याने त्यांच्या स्वतःच्याच, रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला घालायच्या कोटाच्या खिशात पाकीट सापडलं. त्यांनी ते चुलीत टाकलं. पीटशी कोणी धड बोलेना. चार महिन्यांत तो बायकोला घेऊन हॉलंडला परत गेला. "माझ्यामुळे एका माणसाचा देश सुटला, मीनल..."   मी विचारलं, "पीट आहेत का अजून?" ते म्हणाले, "विचारायची हिंमत झाली नाही."

मी मरायकेला फोन केला. तिने पीटच्या गावाच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं आणि तीन दिवसांत त्याच्या नातीचं उत्तर आलं. पीट होता! वृद्धाश्रमात, नातेवाइकांना भेटायची बंदी, पण कान शाबूत. जूनमध्ये इथले नियम सैल झाल्यावर मरायके, ओपा आणि मी पीटला व्हिडिओ कॉल लावून ओपांच्या किचनमध्ये बसलो. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. ओपांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात टेबलाखाली लपवले होते. ते डचमध्ये बोलत गेले, मरायके मला हळू आवाजात सांगत गेली. सगळं बोलून झाल्यावर स्क्रीनवरचा तो हडकुळा म्हातारा चक्क हसायला लागला.

"अरे, माझ्या बायकोला तिथे एक दिवस करमलं नाही," पीट म्हणाला. "रोज रडायची. पण नुसतं परत गेलो असतो तर गावात म्हणाले असते, यांना जमलं नाही. फॉर्मचं झालं आणि मी तिला म्हटलं, बांध सामान, कारण मिळालं!" मग त्याचं हसू थांबलं. "राग एकाच गोष्टीचा होता. बोटीवर निरोप द्यायला कोणी आलं नाही."

"मी आलो होतो," केस ओपा म्हणाले. "धक्क्यावरच्या शेडच्या मागे उभा होतो."

"मग हात का नाही केलास, गाढवा?"

मरायकेला ते लगेच भाषांतर करून सांगताच येईना. ती रडत होती. ओपांनी टेबलाखालून हात काढला आणि स्क्रीनसमोर धरून, लहान मुलासारखा, हलवत राहिले.

त्याच संध्याकाळी गाडीतूनच मी आईला फोन लावला आणि नोकरीचं सांगून टाकलं. आई म्हणाली, "मला माहीत होतं. कामाच्या वेळी तासतासभर कोण बोलतं आईशी?"

पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं. पाकिटाची खरी हकीकत सांगणारं ते पान ओपांनी क्लबहाउसमध्ये स्वतः उभं राहून वाचलं. वाचून होताच मागून कोणीतरी ओरडलं, "नो वरीज, मेट, तसंही वरच्या डिव्हिजनमध्ये आपण मारच खाल्ला असता!" सगळं क्लबहाउस हसलं. त्यानंतर ओपा वेगळेच दिसायला लागले. दर रविवारी पीटचा फोन, दोघांची भांडणं, शनिवारच्या मॅचमध्ये कुठल्या गोलला चूक कोणाची.

फ्युनरललाही आता माणसांची मर्यादा उरली नव्हती. नारिंगी शर्ट घालून माणसं बाहेर लॉनपर्यंत उभी होती. परवा मरायकेला घर आवरायला मदत करायला गेले. रविवार होता. खिडकीतून ऊन थेट ओपांच्या टेबलावर येत होतं. तेवढ्यात ओपांचा टॅबलेट वाजला. पीटला बातमी कळवलेली होती, तरी त्याने सवयीने याच वेळेला लावला. आम्ही दोघी समोर बसलो.  मग त्याने मरायकेला काहीतरी विचारलं, आणि ती डोळे पुसत हसली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"विचारतोय, काल आपण जिंकलो का?"