मावशीच्या ओट्यावरचे भाचे

ज्याचा ओटा दवाखान्यासमोर, त्याच्याकडं किस्से साचणारच. पत्र्यावर लिंबाचा पाला साचतो तसे. झाडत बसलं तरी वरून पडतच राहतात!

भोकरला आमच्या समोरच तस्नीम डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. चोरून लावून घेतलेल्या आजारांचा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पेशंट लांबून येतात, तरी दारात थांबायची लाज! मग नंबर येईपर्यंत माझ्या ओट्यावर बसतात. कुणी हटकलं की सांगतात, "मावशीकडं आलोय." मी चहा पाजते आणि हळूच विचारते. सांगतात हो सगळं!

नायगावचे एक भाऊ. आत बाईमाणूस बघून घाबरले आणि म्हणाले, खोकला आहे. बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"लघवी करताना जास्त येतो का?"

"हाव."

चौघा दोस्तांना एकाच लॉजवरून एकच दुखणं लागलं. एकानं गोळ्या घेतल्या, चौघांनी वाटून खाल्ल्या. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणे! बाई म्हणाल्या, "तुमी जंतूला नुसती चव दाखवली. आता ते गोळीला भीत न्हाईत."

एका दुकानदाराला बाईंनी त्याच्या आणि बायकोच्या अशा दोघांच्याही गोळ्या दिल्या. पठ्ठ्यानं सगळ्या स्वतःच गिळल्या आणि चक्कर येऊन पडला. वर तोंड करून म्हणतो, "ती माझ्यासाठी वटसावित्री धरती. मी तिच्यासाठी एवढं बी करू न्हाई?"

आणि आमच्या गल्लीतला जीपवाला दत्ता! लग्न ठरलेलं, जळकोटच्या गणपतरावांच्या लेकीशी. जळजळ झाली की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, थांबली की सोडायच्या. असं करत करत गोळ्या लागूच होईनात. कुठल्या गोळीनं जंतू मरतात ते बघायला बाईंनी नमुना नांदेडला पाठवला. रिपोर्ट आला तसा दत्तानं विचारलं, पास झालो का?

"तू न्हाई, तुझे जंतू पास झाले. सगळ्या पेपरात."

मग कमरेत सुई टोचली आणि बजावलं, पुन्हा तपासून साफ आल्याशिवाय अक्षता नाहीत. पोरगं काळजीनं वाळलं.

तो दुसरा रिपोर्ट मिळायचा त्या सकाळी दत्ता माझ्या ओट्यावर चहा पीत होता. तेवढ्यात तोंडाला उपरणं गुंडाळलेले एक गृहस्थ आले, दवाखान्याकडं बघितलं आणि गुपचूप ओट्यावर टेकले. घाम पुसायला उपरणं सोडलं आणि दत्तानं ओळखलं, हे तर होणारे सासरे, गणपतराव!

दत्तानं कपबशी खाली ठेवली.

"मामा, तुमी इकडं?"

"मावशीकडं आलतो. तुमी, जावईबापू?"

"मी बी मावशीकडंच."

मी या गणपतरावांना जन्मात पहिल्यांदा बघत होते. तरी म्हटलं, घरचेच आहेत दोघं.

तेवढ्यात समोरून कंपाउंडर ओरडला, "चला, पुढचा नंबर!"

दोघंही हलेनात. कंपाउंडर पुन्हा ओरडला, आणि आमच्याकडंच बघत उभा राहिला. गणपतरावांनी घसा खाकरला.

"मावशी, जावा की. तुमचा नंबर आला."

"हाव मावशी," दत्ता म्हणाला. "आमी बसतो."

पोराचं ठरलेलं लग्न! पदर खोचला आणि गेले आत.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी? तुमाला काय झालं?"

मी दार लोटून घेतलं.

"खोकला हाय."